छपाईची पीडीएफ : देवनागरी मजकूर आणि वेक्टर आकृत्या कशा तयार कराव्यात

छापखान्यात पोहोचलेल्या पीडीएफमध्ये जे असते तेच प्लेटवर उतरते. गिरगावात किंवा लोअर परळच्या एखाद्या गाळ्यात सीटीपी यंत्रावर (संगणकावरून थेट छपाईची प्लेट काढणाऱ्या यंत्रावर) बसलेला ऑपरेटर फाइलचे माप, ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर वाढवलेला भाग) आणि रंग पाहतो. मजकुरातली वेलांटी एका अक्षराने सरकली आहे का, हे पाहणे त्याचे काम नसते, आणि मुंबईत बऱ्याचदा मराठी ही त्याची रोजच्या वाचनाची भाषाही नसते. मंडळाचा अहवाल असो, दिवाळी अंक असो वा लग्नपत्रिका असो, देवनागरी मजकूर शाबूत पोहोचवण्याची जबाबदारी फाइल तयार करणाऱ्यावरच येते. छपाईपूर्वीची स्वयंचलित प्रीफ्लाइट तपासणी ‘फॉन्ट एम्बेड झाला आहे’, म्हणजे फाइलमध्येच भरला गेला आहे, एवढे सांगू शकते. ‘विठ्ठल’मधले जोडाक्षर तुटले आहे, हे तिला कळत नाही.

पुढील पद्धत इनडिझाइन, इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ आणि इंकस्केप यांपैकी मांडणी-रेखाटनाचे कोणतेही साधन वापरणाऱ्याला उपयोगी पडावी अशा रीतीने लिहिली आहे. मजकूर शेवटच्या टप्प्यापर्यंत मजकूरच राहू द्यावा, त्याचे आकृतीत रूपांतर करायचेच असेल तर ते फाइलच्या प्रतीवर करावे, आणि अखेरची नजर मूळ फाइलवर न टाकता निर्यात झालेल्या पीडीएफवर टाकावी, असा या पद्धतीचा आग्रह आहे.

मजकूर आत घेण्यापूर्वी

सर्वप्रथम मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) आहे की जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, हे निश्चित करावे. मुंबईतल्या डीटीपी (संगणकावर पाने जुळवण्याच्या) व्यवसायात अनेक वर्षांचे साहित्य जुन्या फॉन्टांत साठवलेले आहे. अशा फॉन्टात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. एकाच कामात दोन्ही प्रकारचा मजकूर ठेवू नये. जुना मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा आणि त्यानंतर तो माणसाकडून पुन्हा वाचून घ्यावा, कारण परिवर्तनात रफार, अनुस्वार आणि अर्धी अक्षरे यांच्या जागा हमखास चुकतात.

युनिकोड मजकूर इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटरमध्ये घेताना परिच्छेदाच्या मांडणीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारा पर्याय, निवडणे अत्यावश्यक आहे. साधा कंपोजर देवनागरीची अक्षरे टंकलेल्या क्रमाने एकापुढे एक ठेवतो; त्यामुळे ‘शिवाजी’तली पहिली वेलांटी ‘श’च्या आधी न येता नंतर दिसते आणि जोडाक्षरांऐवजी पाय मोडलेली सुटी अक्षरे उमटतात. ही निवड प्रत्येक चौकटीत स्वतंत्रपणे करण्यापेक्षा परिच्छेद-शैलीतच करून ठेवावी, म्हणजे ऐनवेळी घातलेल्या जाहिरातीच्या ओळीतही ती आपोआप लागू होते.

त्याच शैलीत भाषा म्हणून मराठी निवडावी. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ ही वळणे प्रमाण ठरवली आहेत. ज्या फॉन्टात ही मराठी वळणे स्वतंत्रपणे दिलेली असतात, त्यात मजकुराची भाषा मराठी ठेवल्यावरच ती पुढे येतात. भाषा इंग्रजी किंवा हिंदी राहिली तर त्याच फॉन्टातून हिंदी वळणाचा ‘ल’ छापला जातो. वाचकाला काय खटकले ते कदाचित सांगता येणार नाही, पण पान परके वाटते.

फॉन्ट निवडल्यावर लगेच एक चाचणी-ओळ त्यात लावून पाहावी. तिच्यात ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘विठ्ठल’, ‘राष्ट्रीय’, ‘उद्घाटन’, ‘कर्तृत्व’, ‘हृदय’, ‘शृंखला’, ‘आर्द्र’ आणि ‘ज्ञानेश्वर’ एवढे शब्द असले तरी फॉन्टाच्या बहुतेक दुखऱ्या जागा उघड होतात. ‘तऱ्हा’कडे विशेष लक्ष द्यावे. त्यातला आडवा अर्धा ‘र’ काही कळफलकांतून ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह अशा तिघांच्या संयोगाने येतो. मजकूर ईमेलमधून किंवा वर्ड फाइलमधून डकवताना ते अदृश्य चिन्ह गळाले, तर ‘ह’वर रफार चढतो. नुक्ता (खालचे टिंब) असलेल्या ‘ऱ’ने टंकलेला शब्द अशा वेळी अधिक सुरक्षित राहतो, म्हणून शोधा-बदला वापरून सर्व जागी तोच ठेवावा.

शीर्षक फाकवण्यासाठी अक्षरांतले अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, वाढवण्याचा मोह टाळावा. रोमन लिपीत ते शोभते. देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते. ओळ रुंद हवी असेल तर शब्दांमधले अंतर वाढवावे किंवा त्याच कुटुंबातले रुंद वळण निवडावे. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे, त्यात वजनांची मोठी श्रेणी मिळते आणि तो एम्बेड करण्यास कोणतीही आडकाठी नाही. काही व्यावसायिक फॉन्टांत एम्बेड करण्याचा हक्कच दिलेला नसतो, आणि ते निर्यातीच्या क्षणी कळले तर सारा अंक पुन्हा मांडावा लागतो. तेव्हा परवाना आधीच पाहून घ्यावा.

‘कर्व्ह करून द्या’

मुंबईतल्या बहुतेक छापखान्यांत फाइल देताना पहिली सूचना हीच मिळते: मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करा. फॉन्ट नसल्यामुळे मजकूर बिघडण्याचा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असल्याने ती मागणी समजण्यासारखी आहे. तरीही माझे मत असे आहे, की पुस्तकाचा किंवा अंकाचा मुख्य मजकूर कर्व्ह करू नये. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झाला की छापखान्याच्या संगणकावर तो असण्याची गरज उरत नाही, आणि पीडीएफ/एक्स या छपाईच्या मानकात तर सर्व फॉन्ट एम्बेड असणे ही अटच आहे. कर्व्ह केलेला लहान मजकूर कमी रिझोल्यूशनच्या डिजिटल यंत्रावर किंचित जाड उमटू शकतो, फाइल फुगते, मजकुरात शोध घेता येत नाही, आणि प्लेट काढण्यापूर्वी आडनावातली एक चूक दिसली तरी ती दुरुस्त करण्यासाठी मूळ फाइलकडे परत यावे लागते.

शीर्षके, बोधचिन्हे आणि सुलेखनातून आलेली अक्षरे मात्र कर्व्ह करणेच योग्य. तसेच छापखाना पीडीएफऐवजी कोरलची उघडी (संपादन करता येणारी) फाइल मागत असेल, किंवा काम फलक कापणाऱ्या प्लॉटरवर जाणार असेल, तर दुसरा उपाय नसतो. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू आणि इंकस्केपमध्ये शिफ्ट-कंट्रोल-सी या कळा रूपांतर करतात. कोरलमधून पीडीएफ काढताना सर्व मजकूर कर्व्ह म्हणून निर्यात करण्याचा पर्याय असतो आणि इंकस्केपच्या निर्यात चौकटीतही तसाच पर्याय आहे. या पर्यायाने मूळ फाइल जशीच्या तशी राहते, म्हणून हाताने रूपांतर करण्यापेक्षा तो श्रेयस्कर होय. पीडीएफ पाहण्या-तपासण्याच्या अॅक्रोबॅट या साधनाच्या प्रीफ्लाइटमध्येही फॉन्टांचे आउटलाइन करणारी दुरुस्ती आहे. छापखान्याने हट्टच धरला तर तयार पीडीएफच्या प्रतीवर ती चालवावी.

शिरोरेषेचे सांधे

देवनागरी मजकुराचे आकृतीत रूपांतर झाल्यावर जे बिघाड होतात, त्यांतले बहुतेक शिरोरेषेत होतात, आणि रोमन लिपीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत त्यांचा उल्लेख सापडत नाही. फॉन्ट घडवणारा प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसवून ठेवतो, जेणेकरून दोन अक्षरांत फट दिसू नये. मजकूर जिवंत (मजकुराच्याच रूपात) असताना हे एकमेकांवर चढलेले भाग जाणवत नाहीत, कारण सर्व अक्षरे एकाच रंगात भरली जातात. कर्व्ह केल्यावर मात्र प्रत्येक अक्षर स्वतंत्र आकृती बनते आणि सांधा उघडा पडतो.

‘सार्वजनिक’ हा शब्द मोठ्या आकारात कर्व्ह करून त्याला पिवळी कड दिली, की शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या हद्दीपाशी पिवळ्या उभ्या रेघा उमटतात. त्याच शब्दातली सुटी अक्षरे निवडून त्यांची अपारदर्शकता कमी केली, तर सांध्यांच्या जागी गडद ठिपके दिसतात. सर्वांत घातक प्रकार अक्षरे एकत्र जोडताना घडतो. कोरलमध्ये ‘कंबाइन’ आज्ञा दिली, किंवा कुठल्याही साधनात आकृतीचा भरण-नियम सम-विषम प्रकारचा राहिला, तर जिथे दोन आकार एकमेकांवर चढतात तिथला भाग पोकळ धरला जातो, आणि शिरोरेषेत लहान पांढरे चौकोन पडतात. पडद्यावर पूर्ण पान पाहताना ते नजरेत भरत नाहीत; चार फुटी बॅनरवर ते रस्त्याच्या पलीकडून दिसतात.

यावर उपाय म्हणजे रूपांतरानंतर प्रत्येक शब्दाची अक्षरे एकसंध करणे. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधील ‘युनाइट’, कोरलमध्ये ‘वेल्ड’ आणि इंकस्केपमध्ये ‘युनियन’ ही त्यासाठीची आज्ञा आहे. एक दक्षता मात्र घ्यावी: कोरलमध्ये कर्व्ह झालेला शब्द आधी ‘ब्रेक अपार्ट’ने पूर्ण फोडून मग वेल्ड केला, तर ‘व’, ‘ब’ आणि ‘म’ यांच्या आतल्या पोकळ्याही सुट्या आकृत्या बनून भरीव होतात. पोकळी बुजलेला ‘ब’ लहान आकारात चटकन ओळखूही येत नाही. फोडण्याऐवजी आकृतीच्या गुणधर्मांत ‘फिल वाइंडिंग’ (एकमेकांवर चढलेले भागही भरणारा पर्याय) चालू करून पाहावे; इंकस्केपमध्ये भरण-नियमाचे बटण बदलावे, आणि त्यानंतर एकत्रीकरण करावे. शब्दाला कड द्यायची असेल तर ती एकत्रीकरण झाल्यावरच द्यावी.

याउलट, अॅक्रोबॅटमध्ये जिवंत मजकूर पाहताना शिरोरेषेत कधी कधी केसाएवढ्या फिकट फटी दिसतात. झूम वाढवल्यावर त्या जागा बदलत असतील किंवा नाहीशा होत असतील, तर तो पडद्यावरच्या कडा मऊ करण्याच्या प्रक्रियेचा परिणाम असतो आणि छपाईत तो येत नाही. ६४०० टक्के झूमवरही फट तशीच राहिली तर मात्र ती खरी आहे असे समजून फॉन्ट किंवा ट्रॅकिंग तपासावे. शिशाच्या झिजलेल्या खिळ्यांच्या (सुट्या धातूच्या अक्षरांच्या) काळातही ते जुळवणारी जुळारी मंडळी शिरोरेषेच्या सलगतेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत असत, आणि जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक देवनागरी अक्षरांच्या नेटकेपणावरच उभा राहिला. आपल्या हातातली साधने बदलली असली तरी पानाकडून अपेक्षा तीच आहे.

रेषा आणि आकृत्या

वेक्टर आकृतीतील सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे हेअरलाइन, अर्थात जाडी न ठरवलेली रेषा. ती ज्या यंत्रावर छापली जाईल त्या यंत्राच्या सर्वांत लहान बिंदूएवढी जाड उमटते. कचेरीतल्या ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० बिंदू) लेसर प्रिंटरवर ती सुमारे ०.०४ मिलिमीटर असते आणि व्यवस्थित दिसते. २४०० डीपीआयच्या प्लेटवर तीच ०.०१ मिलिमीटरची होते आणि कागदावर जवळजवळ नाहीशी होते. म्हणून प्रत्येक रेषेला जाडी द्यावी: पांढऱ्या कागदावर गडद रेषेसाठी किमान ०.२५ पॉइंट, आणि गडद पार्श्वभूमीतून कोरलेल्या पांढऱ्या रेषेसाठी किमान ०.५ पॉइंट. लग्नपत्रिकेच्या नक्षीदार किनारी मोठ्या आकारात काढून लहान केल्या जातात, तेव्हा रेषाही त्याच प्रमाणात बारीक होतात का, हे आकार बदलण्याच्या पर्यायांत पाहावे. आकार अंतिम झाल्यावर महत्त्वाच्या रेषांचे आकृतीत रूपांतर करून टाकले, की पुढे कोणी फाइल लहान-मोठी केली तरी प्रमाण बिघडत नाही.

पांढऱ्या अक्षरांनाही हाच न्याय लागू होतो. चार रंगांच्या गडद तळावर सात-आठ पॉइंटचा पांढरा मजकूर ठेवला, तर शाई पसरून सर्वप्रथम अनुस्वार बुजतो आणि ‘मंडळ’चे ‘मडळ’ होते. तिथे मजकूर मोठा आणि ठळक ठेवावा. मुंबईत गणेशोत्सवाची छपाई ऐन पावसाळ्यात होते. हवेतल्या दमटपणाने कागद फुगतो, विशेषतः त्याच्या तंतूंच्या आडव्या दिशेने, आणि चारही रंग एकमेकांवर तंतोतंत बसणे अवघड होते. या दिवसांतल्या कामात लहान अक्षरे एकाच प्लेटच्या रंगात ठेवावीत आणि दोन रंगांच्या अगदी बारीक जोड-किनारी टाळाव्यात.

छायाचित्रातून स्वयंचलित ट्रेसिंगने बनवलेल्या आकृत्यांत हजारो अनावश्यक बिंदू असतात. ते सुलभीकरणाने कमी करावेत. सावली, धूसरपणा यांसारखे परिणाम इंकस्केपमधून निर्यात होताना बिंदुचित्रात बदलतात, म्हणून निर्यात चौकटीतले रिझोल्यूशन ३०० डीपीआय करून घ्यावे. लपवलेले थर आणि पानाबाहेरचे तुकडे काढून टाकावेत. पत्रिकेला डाय-कटिंग (साच्याने ठरावीक आकारात कापणे) असेल, तर कापण्याची रेषा स्वतंत्र नावाच्या स्पॉट रंगात (वेगळ्या प्लेटच्या रंगात) आणि ओव्हरप्रिंट करून, म्हणजे खालचा रंग न काढता त्यावर छापली जाईल अशी, ठेवावी, नाहीतर तिच्याखालच्या चित्रात पांढरी रेघ पडते.

काळा, आणि इतर रंग

चाररंगी छपाईत सी (निळा), एम (गुलाबी), वाय (पिवळा) आणि के (काळा) अशा चार प्लेटा असतात. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या प्लेटवर, म्हणजे १०० टक्के ‘के’ असा असावा. वर्डमधून किंवा आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीत) काम करणाऱ्या साधनातून आलेला काळा रूपांतरात चारही प्लेटांवर वाटला जातो, आणि रजिस्टर (प्लेटांची एकमेकांवरची जुळणी) किंचित हलले की प्रत्येक अक्षराला निळी-गुलाबी कड येते. इंकस्केपच्या नेहमीच्या पीडीएफमध्ये रंग आरजीबीच राहतात. तेव्हा ती आकृती स्क्रायबस या मांडणीच्या साधनात घेऊन रंग सीएमवायकेत (वरच्या चार रंगांत) ठरवावेत आणि तिथून पीडीएफ काढावी.

मोठ्या काळ्या तळासाठी एकट्या ‘के’ने करडेपणा येतो, तिथे सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० यांसारखे मिश्रण वापरता येते, ज्याची बेरीज २४० टक्के होते. आर्ट पेपरवर एकूण शाई साधारण ३०० टक्क्यांपर्यंत चालते, मॅपलिथोवर (साध्या, बिनचकचकीत कागदावर) ती त्याहून कमी हवी, आणि वर्तमानपत्री कागदावर २४० टक्क्यांच्या आसपास थांबावे. नेमकी मर्यादा छापखान्यालाच विचारावी.

काळा मजकूर रंगीत तळावर ओव्हरप्रिंट करावा, म्हणजे फट पडण्याची भीती राहत नाही. मात्र मोठे, जाड काळे शीर्षक अर्धे केशरी पट्ट्यावर आणि अर्धे पांढऱ्या कागदावर असेल, तर ओव्हरप्रिंटमुळे त्यात दोन वेगळे काळे दिसतात; तिथे ते बंद करावे. ओव्हरप्रिंट लावलेल्या काळ्या वस्तूचा रंग नंतर पांढरा केला, तर ती छपाईत पूर्ण गायब होते, आणि साध्या पडद्यावर ती दिसत राहत असल्याने कोणाच्याही लक्षात येत नाही. दोन रंगांच्या कामात एकच स्पॉट रंग दोन नावांनी नोंदलेला असेल, तर दोन प्लेटा निघतात आणि दोन्हींचे पैसे द्यावे लागतात. स्वॉचेसची (फाइलमध्ये नोंदलेल्या रंगांची) यादी आधीच साफ करावी.

निर्यात आणि तपासणी

पानाचे माप कापल्यानंतरचे, म्हणजे अंतिम असावे, आणि ब्लीड चारही बाजूंना ३ मिलिमीटर. ए४ पानाची ब्लीडसह फाइल २१६ × ३०३ मिलिमीटरची होते. महत्त्वाचा मजकूर कापाच्या रेषेपासून किमान ५ मिलिमीटर आत ठेवावा. इनडिझाइनमध्ये कटिंगच्या खुणांचे पानापासूनचे अंतर मुळात सुमारे २.१ मिलिमीटर असते, त्यामुळे त्या खुणा ब्लीडमध्ये घुसतात. ते अंतर ३ मिलिमीटर किंवा अधिक करावे.

मानकाच्या बाबतीत छापखान्याची कार्यप्रणाली जुनी असेल तर पीडीएफ/एक्स-१ए द्यावी. तिच्यात जिवंत पारदर्शकता चालत नाही आणि रंग फक्त सीएमवायके व स्पॉट असतात. प्रणाली नवी असेल तर पीडीएफ/एक्स-४ उत्तम, कारण पारदर्शकता तशीच राहते आणि सावलीखालच्या मजकुराचे फ्लॅटनिंगमध्ये (पारदर्शक थर सपाट करताना) तुकडे होत नाहीत.

निर्यात झालेली फाइल अॅक्रोबॅटमध्ये उघडून गुणधर्मांतली फॉन्टांची यादी पाहावी. प्रत्येकापुढे एम्बेड झाल्याची नोंद हवी. त्यानंतर आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये (प्रत्येक प्लेट वेगळी दाखवणाऱ्या चौकटीत) सी, एम आणि वाय या तीन प्लेटा बंद कराव्यात: सर्व काळा मजकूर पूर्ण गडद राहिला पाहिजे. मग फक्त ‘के’ बंद करावी: मजकुराची पुसटशी छायाही मागे उरता कामा नये. याच चौकटीत ओव्हरप्रिंटचे अनुकरण चालू ठेवले, की गायब होणारी पांढरी अक्षरे तिथेच गायब झालेली दिसतात, आणि एकूण शाईची मर्यादा टाकली की ती ओलांडणारे भाग रंगवून दाखवले जातात.

शेवटी हीच पीडीएफ १०० टक्के मापात कागदावर छापून, मजकूर न टंकलेल्या व्यक्तीकडून वाचून घ्यावी. टंकणाऱ्याचा डोळा चुकलेला शब्दही बरोबरच वाचतो. छापखान्याला फाइल पाठवताना तिच्या नावात कामाचे नाव, अंतिम माप आणि तारीख घालावी, सोबत ही वाचून झालेली प्रत सहीनिशी द्यावी, आणि जिवंत मजकुराची मूळ फाइल फॉन्टांसह पॅकेज करून स्वतःकडे ठेवावी. पुढच्या वर्षीच्या अहवालाचे काम त्याच फाइलवरून सुरू होते.